अंगण, कुरण, भोंगा : पालघर जिल्ह्यातल्या तीन शाळांची गोष्ट

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली उपनगरी गाडी सुटली. दिवसातून एक गाडी जायची आणि एक परत यायची. आज ज्या गाडीत नुसता पाय ठेवायला जागा मिळणे हा पराक्रम मानला जातो, तिची सुरुवात इतकी निवांत होती. पश्चिम रेल्वेचा इतिहास सांगणारे ही तारीख आवर्जून सांगतात. त्याच रुळांच्या दोन बाजूंना वसई तालुक्याची दोन वेगवेगळी आयुष्ये वाढली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

रुळांच्या पश्चिमेला समुद्रापर्यंत पसरलेली हिरवी पट्टी : केळीच्या बागा, पानवेली, वाड्या, विहिरी, देवळे आणि चर्च. येथे शाळा लवकर आल्या. काही धर्मग्रामांच्या आश्रयाने आल्या, काही विसाव्या शतकात स्थानिक पुढाऱ्यांनी उभ्या केल्या. विरारच्या अण्णासाहेब वर्तकांचे नाव आज वसई रोडच्या महाविद्यालयाला आहे. पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर, तानसा नदीचे खोरे, मांडवी, खानिवडे, पारोळ, उसगाव ही गावे आणि त्यांच्या कडेने विखुरलेले वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे. पश्चिमेचे सगळेच सुखी होते असे नाही. कोळीवाड्यांनीही शाळेची वाट दीर्घकाळ पाहिली. तरीही मुलाला शाळेत घालायचे की नाही, हा प्रश्न पश्चिमेला घरात सुटत होता. पूर्वेला तो सावकाराच्या ओट्यावर सुटत होता.

शिक्षण आणि औषधोपचार कोणासाठी, हा प्रश्न वसईत रेल्वेहून जुना आहे. पोर्तुगीज अमदानीत वसईच्या कोटात येशूसंघीयांचे महाविद्यालय होते आणि मिझेरिकॉर्डियाचे इस्पितळही होते. दोन्ही तटाच्या आत. त्याच कोटात येशूसंघीयांच्या हाताखाली शिकलेला, पोर्तुगीज सैनिकाचा आणि स्थानिक आईचा मुलगा गोन्सालो गार्सिया धर्मगुरूंबरोबर जपानला गेला. ज्यांनी शिकवले त्यांनीच त्याला आपल्या संघात घेतले नाही. पुढे मनिलात फ्रान्सिस्कनांनी त्याला आपल्यात घेतले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्याला क्रुसावर मारण्यात आले आणि १८६२ मध्ये तो संत झाला. वसईत आज त्याचा मोठा उत्सव होतो. शिक्षण देणे आणि बरोबरीने वागवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वसईला निदान चारशे वर्षे ठाऊक आहे.

पण ही गोष्ट कोटाची नाही. ती विटांची आहे.

दरवर्षी भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा या तालुक्यांतल्या पाड्यांवर घरांची दारे बंद होऊ लागतात. माणसे गाठोडी, हंडे, कोंबड्या आणि मुले घेऊन टेम्पोत चढतात. कोणी भिवंडीकडे जातो, कोणी कल्याण-पनवेलकडे, कोणी वसईच्या पूर्व पट्ट्यात. तेथे वीटभट्ट्या असतात. भट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम पावसाळ्यातच बयाणा देऊन गेलेला असतो. पावसाळ्यात घरातले धान्य संपते, काम नसते, आजारपण निघते, कोणाचे लग्न ठरते. त्या वेळी हातावर ठेवलेली ती रक्कम पुढचे सहा-सात महिने फेडायची असते. आठवड्याला खर्ची मिळते. ती किती लावली, किती विटा पाडल्या, किती फुटल्या, याचा हिशेब उन्हाळ्याच्या शेवटी होतो आणि वही मालकाकडे असते.

भट्टीवर माणूस एकटा कामाला लागत नाही, कुटुंब लागते. पुरुष गारा करतो, साच्यात विटा पाडतो. बाई गारा वाहते, विटा रचते. ओल्या विटा उन्हात सारख्या वाळाव्यात म्हणून त्या पालटाव्या लागतात. हे काम हलके समजले जाते आणि म्हणून ते मुलांकडे येते. दहा वर्षांची मुलगी विटा पालटते, नाही तर तान्ह्या भावाला सांभाळते. जूनमध्ये शाळेच्या हजेरीपटावर चढलेले तिचे नाव दिवाळीनंतर तेथे नुसतेच राहते.

या विटा कुठे जातात? ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. मुंबईत घर परवडत नाही म्हणून उत्तरेकडे सरकलेल्या माणसांचे हे शहर. त्याच्या भिंती कोणीतरी पाडलेल्या विटांच्या आहेत, आणि त्या पाडणाऱ्यांतल्या कित्येकांची मुले त्या शहरातल्या एकाही शाळेच्या पटावर नव्हती. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हाच हिशेब मांडला होता. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणावरच्या खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना होतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यासमोर शेतसारा होता. येथे वीट आहे. हिशेब तोच.

या गरीब मुलांपर्यंत शाळा कशी पोहोचवायची, याचा शोध देशात जेथे सर्वांत कळकळीने घेतला गेला त्या जागांपैकी एक नेमका हाच जिल्हा आहे. त्या शोधाने मराठीला तीन शब्द दिले : अंगणवाडी, कुरणशाळा आणि भोंगाशाळा. तिन्ही शब्दांत मूल जेथे असते त्या जागेचे नाव आधी येते आणि शाळा नंतर. सगळी गोष्ट त्या क्रमात आहे.

१९४५ हे वर्ष त्या भागासाठी मोठे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तलासरीजवळच्या झरी गावी मे महिन्यात किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यामध्ये होते. वेठ करायची नाही, असा निर्धार तेथे झाला. वेठ म्हणजे जमीनदार आणि सावकाराच्या शेतावर, घरी, फुकट किंवा नावापुरत्या मोबदल्यावर राबणे. त्याहून भयंकर प्रकार लग्नगड्याचा. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापोटी नवराबायको दोघेही सावकाराचे बांधील होत आणि व्याज फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा मरेपर्यंत, राबत. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि इतर वारली ठार झाले. तरीही वेठ मोडली.

याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबरात, समुद्रकाठच्या बोर्डी गावात ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

दोन्ही घटनांत थेट नाते नाही. परुळेकरांचा मार्ग लाल बावट्याचा, ताराबाईंचा बालशिक्षणाचा. पण जी माणसे कालपर्यंत आपला दिवस स्वतःच्या मर्जीने घालवू शकत नव्हती, त्यांच्या मुलांना शाळेत बोलावणे ही गोष्ट वेठ मोडण्याआधी फार पुढे गेली असती असे वाटत नाही. त्या भागातल्या बालवाडीचा इतिहास लिहिताना झरीची परिषद वगळली जाते आणि परिषदेचा इतिहास लिहिताना बालवाडी. दोन्ही पुस्तके एकाच कपाटात ठेवायला हवीत.

ताराबाईंचा जन्म १८९२चा, मुंबईच्या सुधारकी घरातला. त्या पदवीधर झाल्या, राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या, आणि ती मानाची जागा सोडून १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम करू लागल्या. तेथे मॉन्टेसरी पद्धतीचे बालशिक्षण त्यांनी अंगी मुरवले. पुढे दादरला शिशुविहार उभे केले. पण हे सारे शहरातल्या सुस्थित घरांसाठी होते आणि ते त्यांना खटकत होते.

येथे जराशी आडवाट घ्यायला हवी. मारिया मॉन्टेसरी यांनी आपले पहिले बालघर ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडले. आईबाप कामावर गेले की जी मुले जिन्यांवर, रस्त्यांवर उनाड फिरत, त्यांच्यासाठी ते होते. पुढे ती पद्धत जगभर गेली, तिची घोटीव लाकडी साधने महाग झाली आणि भारतात येईपर्यंत ती श्रीमंतांच्या मुलांची होऊन बसली. ताराबाईंनी बोर्डीला जे केले ते एका अर्थाने त्या पद्धतीला तिच्या घरी परत नेणे होते. लाकडी ठोकळ्यांच्या जागी शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पाने, दगडगोटे आले. समुद्र आणि रान यांच्या मध्ये असलेल्या गावात या साधनांची वाण नव्हती आणि ती हरवली तर कोणी रागावणारही नव्हते.

ताराबाईंच्या हाताशी होत्या अनुताई वाघ. १९१०चा जन्म, तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. पुढे शिक्षण, पुण्यात हुजूरपागेत शिक्षिकेची नोकरी, आणि १९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ताराबाईंची भेट. त्या बोर्डीला आल्या आणि परत गेल्या नाहीत.

पहिला धडा मात्र शिक्षिकांनाच मिळाला. गावात बालवाडी थाटली. सवर्णांची, सुस्थित घरांची मुले आली. दलित वस्तीतली आणि आदिवासींची मुले आली नाहीत. कोणी त्यांना अडवले नव्हते. पण आई पहाटे मजुरीला गेलेली, मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटे, अंगाला पाणी लागलेले नाही, अंगात कपडा नाही. अशा मुलाने चांगल्या घरच्या मुलांच्या ओळीत येऊन बसायचे तर त्याला आधी एक अदृश्य कुंपण ओलांडावे लागते. शाळेचे दार उघडे असणे आणि मुलाला आत येता येणे यांत हे अंतर असते. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळा उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली.

अंगणातल्या या वर्गाला ना भिंती होत्या ना घंटा. बाई पाड्यावर जात, मुले गोळा करत, त्यांना आंघोळ घालत, नखे कापत, केस विंचरत, खरजेला औषध लावत. मग गाणी, गोष्टी, खेळ. आई दारात उभी राहून हे बघत असे, आणि ते बघणे हाच तिचा वर्ग. आरोग्य आणि शिक्षण हे दोन वेगवेगळे विषय आहेत, दोन वेगवेगळ्या खात्यांचे आहेत, हे त्या अंगणात कोणाला माहीत नव्हते. खरूज झालेल्या मुलाला अक्षर दिसत नाही, आणि भुकेल्या मुलाला गोष्ट ऐकू येत नाही, एवढेच माहीत होते. या प्रकाराला नाव पडले अंगणवाडी.

१९५०च्या दशकात केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे भोवती सगळी वारल्यांची वस्ती. अंगणवाडीचा उपायही तेथे पुरेना, कारण जरा मोठी मुले अंगणातही नसत. ती सकाळी मालकाची किंवा घरची गुरे घेऊन रानात जात. गुरे हेच त्यांचे काम, आणि त्यांच्या घरासाठी त्या कामाची किंमत अक्षरांहून जास्त होती. मग शाळा कुरणात गेली. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरायचा. एखादे जनावर शेतात शिरले की विद्यार्थी उठून धावायचा आणि परत येऊन बसायचा. ही कुरणशाळा. शिस्तीच्या दृष्टीने हा सगळा गोंधळच. पण गुरे राखणारा मुलगा शाळेत नाही, यापेक्षा शाळेत असताना तो मध्येच उठतो, हे बरे.

मोठ्या मुलींचा प्रश्न वेगळा होता. त्यांच्या कडेवर भावंडे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली आणि तिला विकासवाडी म्हटले गेले. बहीण धाकट्याला पाळण्यात ठेवते, मधल्याला बालवाडीत सोडते आणि स्वतः पहिलीत बसते. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत याला मोठमोठी नावे असतील. कोसबाडला ते एका मुलीच्या कमरेवरचे ओझे बघून सुचले होते.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. सहा वर्षांखालच्या मुलांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण एकाच ठिकाणी मिळावे, अशी ही योजना. त्या ठिकाणाला नाव दिले गेले अंगणवाडी. पालघर भागात रुजलेला शब्द काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत गेला. आज देशात १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत आणि त्या चालवणाऱ्या बाया कर्मचारी नसून मानधनी आहेत, असे सरकार सांगत आले आहे. त्यांना उपदानाचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले.

शब्द गेला, पण जाताना त्यातले काहीतरी मागे राहिले. बोर्डीची अंगणवाडी म्हणजे मूल येत नाही म्हणून त्याच्याकडे जाणे. सरकारी अंगणवाडी म्हणजे एक खोली, एक पट, एक वजनकाटा आणि ठरलेली लोकसंख्या. एवढे मोठे काम देशभर न्यायचे तर हे अटळ असेल. प्रश्न उरतो तो पटावरचे मूल तेथून उठून गेले तर काय, हा.

त्याचे उत्तर १९९२ मध्ये मिळाले. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके कुपोषण आणि त्यापाठोपाठ आलेल्या आजारांनी दगावली. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर हे घडले. पत्रकार गेले, मंत्री गेले, रस्ते आणि कार्यालये यांच्या घोषणा झाल्या. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला अनुताई वाघ वारल्या. ज्या कामाला त्यांनी आयुष्य दिले त्याचे नाव देशभर झाले होते, आणि कोसबाड ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला मुले अन्नावाचून मरत होती.

कुपोषणाने मूल मरते म्हणजे काय होते, हे नीट सांगायला हवे, कारण सरकारी कागदावर मृत्यूचे कारण बहुधा न्यूमोनिया, हगवण, ताप असे लिहिलेले असते. भूक एकटी मारत नाही. लहान वयात लग्न झालेली, स्वतःच अशक्त असलेली आई कमी वजनाचे मूल जन्माला घालते. पावसाळ्यात, जेव्हा घरातले धान्य तळाला जाते, तेव्हाच गढूळ पाण्याचे आजार येतात. चांगल्या अंगाचे मूल जे चार दिवसांत झटकून टाकते, ते या मुलाला झेपत नाही. त्याच वेळी ओढे भरून वाहतात, पाड्याला रस्ता नसतो आणि दवाखान्यापर्यंत डोलीतून न्यावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर असला तर असतो. नसला तर पुढचे ठिकाण नाशिक, सिल्वासा किंवा ठाणे. म्हणून कारणाच्या रकान्यात न्यूमोनिया लिहिणे खोटे नसते, आणि खरेही नसते.

१९९५ मध्ये राज्याने नवसंजीवनी योजना आणली. पावसाळ्याआधी दुर्गम पाड्यांवर धान्य, औषधे, रोजगार पोहोचवण्याची ती व्यवस्था होती. पुढे गरोदर आणि स्तनदा मातांसाठी रोज एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजनाही २०१५ मध्ये आली. योजना कमी पडल्या असे म्हणता येणार नाही. तरीही २०१६ मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी पुन्हा तेच मथळे छापून आणले. यांतल्या बहुतेक योजना पाड्यावर वाट बघत बसतात, आणि दिवाळी ते वैशाख माणसे पाड्यावर नसतात. ज्या महिन्यांत मुलाला चांगले खायला घालून पावसाळ्यासाठी तयार करायचे, त्याच महिन्यांत ते मूल धुळीत, भट्टीच्या धगीत, आठवड्याच्या खर्चीवर जगत असते. जव्हारच्या पटावर ते अनुपस्थित. वसईच्या पटावर त्याचे नावच नाही.

हे मूल दिसले ते वसईच्या पूर्व पट्ट्यात काम करणाऱ्यांना. एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली त्याच ऑक्टोबर १९७५ मध्ये वेठबिगार रद्द करणारा वटहुकूमही निघाला होता. १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. पण कायदा झाला हे वसई तालुक्यातल्या वेठबिगारांना कळायला आणखी काही वर्षे लागली. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी विधायक संसद ही संस्था काढली आणि तालुक्यातल्या दहिसर या गावी वेठबिगारांना सोडवण्याचे काम सुरू केले. १९८०च्या दशकाच्या आरंभी त्यातूनच श्रमजीवी संघटना उभी राहिली. मुंबईची लोकल जेथून सुटते तेथून काही मैलांवर माणसे कर्जापोटी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली होती, हे तेव्हा अनेकांना खोटे वाटले. झरीच्या परिषदेला पस्तीसहून अधिक वर्षे उलटली होती.

सोडवलेल्या माणसाची मुले पुढच्या हंगामात वीटभट्टीवर दिसत. बंधन बदलले होते, बयाणा आला होता. १९९०च्या दशकाच्या मध्यात विधायक संसदेने भट्ट्यांवरच शाळा सुरू केल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची तात्पुरती झोपडी : विटा एकमेकींवर नुसत्या रचून केलेल्या बुटक्या भिंती, वर पेंढा, झावळ्या किंवा प्लास्टिक, आत जायचे तर वाकून. अशाच एका भोंग्यात किंवा त्याच्या सावलीत वर्ग भरू लागला. ही भोंगाशाळा. शिकवणारे बहुधा आदिवासी पाड्यांतलेच शिकलेले तरुण-तरुणी. त्यांना मुलांची बोली येत होती, आणि मुलगी आज का आली नाही हे विचारावे लागत नव्हते.

कुरणशाळा ठाऊक असलेल्याला भोंगाशाळेत नवे काही वाटणार नाही. तेच तत्त्व, सुमारे चाळीस वर्षांनंतर. पण एक फरक आहे आणि तो जिव्हारी लागणारा आहे. कुरणातले मूल आपल्या गावात होते. ते संध्याकाळी घरी जात होते. भट्टीवरच्या मुलाला घर दोन आणि शाळा दोन, म्हणजे एकही नाही. त्याने जव्हारला जूनमध्ये जो धडा सुरू केला तो भट्टीवर कोणी पुढे न्यायचा, आणि मे महिन्यात परतल्यावर त्याला पुढच्या वर्गात कोणी घ्यायचे? भोंगाशाळेचा खरा झगडा अक्षरांशी कमी आणि दाखल्यांशी जास्त होता.

पुढे सरकारने काही गोष्टी स्वीकारल्या. ऊसतोडणी मजुरांच्या मुलांच्या साखरशाळांचा आणि भोंगाशाळांचा उल्लेख सरकारी कागदांत होऊ लागला, मूल जेथे जाईल तेथे त्याला शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड आले, मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आली. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याने प्रत्येक मुलाला नियमित शाळेचा हक्क दिला, आणि म्हणूनच झोपडीतल्या हंगामी शाळेला फारशी जागा ठेवली नाही. तत्त्व म्हणून हे योग्यच. गरिबाच्या मुलाला दुय्यम शाळा का? पण व्यवहारात नियमित शाळा भट्टीपासून दोन-तीन किलोमीटरवर असते, मध्ये महामार्ग असतो, आणि आईबाप पहाटे तीनला गाऱ्यात उतरलेले असतात. ताराबाईंच्या बोर्डीतले ते अदृश्य कुंपण येथे महामार्गाच्या रूपाने आडवे पडलेले असते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर हा राज्याचा ३६वा जिल्हा वेगळा झाला. आदिवासी भागाकडे लक्ष देता यावे, हे त्यामागचे मोठे कारण होते. जिल्ह्याच्या सुमारे ३० लाख लोकसंख्येपैकी १३ लाखांहून अधिक लोक एकट्या वसई तालुक्यात राहतात, असे २०११च्या जनगणनेचे आकडे सांगतात. म्हणजे जिल्ह्याची कोणतीही सरासरी काढली की तीत वसई-विरारची वजनदार बाजू मिसळते. साक्षरता, डॉक्टर, रुग्णालयातल्या खाटा, कशाचीही सरासरी घ्या. ती मोखाड्याची नसते आणि वसईचीही नसते. नालासोपाऱ्याच्या चाळीतल्या, महापालिकेच्या दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईची तर नसतेच. पूर्वी ठाणे शहर ही सरासरी फुगवत असे. आता ते काम वसई करते.

एक बदल मात्र नोंदवण्याजोगा आहे. स्थलांतर करणाऱ्या गरोदर बायका आणि बालके यांची नोंद एका गावाच्या अंगणवाडीतून दुसऱ्या गावाच्या अंगणवाडीत जावी, अशी स्थलांतर मागोवा प्रणाली राज्याच्या महिला व बालविकास विभागाने आणली. २०२१-२२ मध्ये ज्या निवडक जिल्ह्यांत ती आधी राबवली, त्यांत पालघर होता. जव्हारच्या सेविकेने मूल निघाल्याचे कळवायचे, वसईच्या सेविकेने ते आल्याचे नोंदवायचे आणि त्याचा आहार, लस, वजन पुढे चालू ठेवायचे. ज्या भागात अंगणवाडी हा शब्द रुजला तेथे ती पुन्हा मुलामागे चालू लागण्याचा हा प्रयत्न आहे.

नाव पडद्यावरून क्षणात जव्हारहून वसईला पोहोचते. पुढचे अंतर सेविकेच्या पायांचे असते. तिचा पाडा तिला नेमून दिलेला असतो, भट्टी पाड्याबाहेर असते, आणि तेथे वजनकाटा घेऊन जायचे तर मुकादमाच्या नजरेसमोरून जावे लागते. ती जाते तेव्हा भोंग्यातले मूल मोजले जाते. वैशाख सरला, आभाळ भरू लागले की भट्टी विझते, वही उघडते, टेम्पो परत जव्हारकडे वळतात. सुट्या विटांच्या त्या भिंतीही तेव्हा उतरवल्या जातात आणि उरलेल्या मालाबरोबर ट्रकमध्ये चढतात.